मयत ही स्वभावाने तापट होती

राजकन्या बिडवेला कुणी विचारलं, तुमचा पीएचडीचा विषय काय, की पूर्वी ती पूर्ण नाव सांगायची. बाईविषयीच्या ठोकळेबाज समजुती, स्त्रियांचे मानवी हक्क, नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतले न्यायनिवाडे. समोरचा मान डोलवायचा आणि पावसापाण्याचं विचारायचा. मग तिनं नाव आखूड केलं. "कोर्टाच्या कागदांत बाईबद्दल काय काय लिहितात, ते वाचते," एवढंच म्हणायची. तिचे वडील किशनराव रेणापूरजवळच्या आपल्या गावात पारावर बसून त्याहून आखूड सांगायचे. "थोरली ना? जुने कागद वाचायलीय."

लातूरच्या एका विधी महाविद्यालयात ती शिकवायची. वय पस्तीस, लग्न केलेलं नव्हतं. शिकवायच्या आधी तिनं दोन वर्षं वकिली केली होती. त्यातलं एक प्रकरण तिला सुटता सुटलं नाही. औशाकडची एक बाई पोटगीसाठी आली होती. बाई पंजाबी ड्रेस घालायची, झेरॉक्सच्या दुकानात काम करायची, ताडताड बोलायची. राजकन्यानं तिला सांगितलं, तारखेला साडी नेसून ये, डोक्यावरून पदर घे, साहेबांनी विचारलं की डोळ्यांत पाणी येऊ दे. बाईनं तसं केलं आणि पोटगी मंजूर झाली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, मी खोटंच रडले. खरं तर मला संताप आला होता. संताप आलेला चालला नसता का?"

त्याचं उत्तर शोधायलाच राजकन्या अभ्यासाकडे वळली.

मार्गदर्शक नांदेडला होते, शिवशंकर सर. आठवड्यातून एकदा ती एसटीनं नांदेडला जायची आणि परवानगी काढून तिथल्या, एरवी लातूरच्या कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसायची. कापडात बांधलेले बस्ते सोडायची, धूळ झटकायची, वाचायची. विवाहित बायकांच्या मृत्यूची प्रकरणं तिनं निवडली होती. कुणी विहिरीत पडलेली, कुणी स्टोव्हवर भाजलेली, कुणी फवारणीचं औषध प्यायलेली. बहुतेकांचा शेवट 'अकस्मात मृत्यू' असा झालेला, थोडी खटल्यापर्यंत गेलेली आणि तिथं आरोपी सुटलेले.

तिसऱ्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की एक वाक्य आपण आधीही वाचलंय. शेजाऱ्याच्या जबाबात ते होतं. 'मयत ही स्वभावाने तापट व हट्टी होती व क्षुल्लक कारणावरून राग धरीत असे.' तिनं वहीची मागची पानं चाळली. किनवटच्या प्रकरणात तेच. मुखेडच्या प्रकरणात तेच. अहमदपूरच्या प्रकरणात 'हट्टी'च्या जागी 'एककल्ली' होतं, बाकी जसंच्या तसं. तिनं मोजायला सुरुवात केली. शहाण्णव प्रकरणांपैकी एकेचाळिसांत ते वाक्य निघालं. अकरा वर्षांतली प्रकरणं, वेगवेगळी ठाणी, वेगवेगळे हवालदार. खटला झाला तिथं निकालपत्रांनीही ते वाक्य उचललं होतं आणि त्यावर निष्कर्ष बांधला होता, की असल्या स्वभावाची बाई रागाच्या भरात जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकते.

शिवशंकर सर शांतपणे म्हणाले, "पोलिसांचा साचा असतो तो. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवलं. तुमच्या प्रबंधात एक झकास प्रकरण होईल याचं."

तिलाही तसंच वाटलं. पण वकिलीची खोड होती. कागदावर ज्याच्या नावानं बोलणं लिहिलंय, तो माणूस खरंच तसं बोलला का, हे एकदा विचारावं म्हणून ती किनवटकडच्या एका गावात गेली. जंगलाच्या कडेला पंचवीसेक घरं. जबाब देणारी शेजारीण हयात होती. केवळाबाई तिचं नाव. ती अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

राजकन्यानं विचारलं, "मावशी, तुमच्या शेजारची सून विहिरीत पडून गेली, तेव्हा पोलिसांनी तुमचा जबाब घेतला होता. ती तापट होती असं तुम्ही सांगितलं होतं का?"

"हाव. सांगितलं ना."

राजकन्याला जरा आश्चर्य वाटलं. म्हणजे साचा नव्हता. "कधी भांडली का ती तुमच्याशी?"

"माह्याशी? न्हाई. लई गरीब पोर होती."

"मग कुणाशी भांडताना पाहिलं?"

केवळाबाईनं फुलं पसरायची थांबवली. "पाहिलं न्हाई. तिची सासू सांगून राहिली होती."

"ती गेल्यावर?"

"न्हाई, आधी. पोळ्याच्या टायमाला. इथंच येऊन बसली. म्हणे, आमची सून लई तापट हाय बाई, कवा काय करून घील नेम न्हाई. मंग समद्यांलाच मालूम झालं."

"आणि सून कधी गेली?"

"होळीला."

राजकन्यानं बोटांवर महिने मोजले. सात भरले. केवळाबाई तिच्या बोटांकडे बघत होती. तिनंही बहुतेक पहिल्यांदाच मोजले असावेत, कारण ती एकदम उठली, टोपलं उचललं आणि आत गेली. आतून तिनं कडी लावली.

त्यानंतर दोन महिन्यांत राजकन्या आठ गावं फिरली. तीन ठिकाणी जबाब देणारं माणूस भेटलं नाही. पाच ठिकाणी भेटलं, आणि पाचही ठिकाणी हकीकत एकच निघाली. आधी बोलणं आलं होतं. सासू, नणंद, कुठं नवरा स्वतः, सहज म्हणून शेजारी येऊन टेकला होता, सुनेच्या स्वभावाचं दुःख सांगून गेला होता. मग चार महिने, सहा महिने. मग विहीर. हवालदारानं काहीच मनानं लिहिलं नव्हतं. गावानं जे खऱ्या मनानं सांगितलं, तेच त्यानं उतरवलं होतं. खोटं असं कुणीच बोललं नव्हतं.

हे ती सरांना सांगायला गेली तेव्हा सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाच म्हणजे पुरावा होत नाही," ते म्हणाले. "आणि एकटीनं असल्या गावांत फिरू नका."

डिसेंबरात येळवस आली. त्या अमावस्येला लातूरकडची गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला जातात. किशनरावांनी ज्वारीत कडब्याची कोपी उभारली होती, आत पांडव म्हणून पूजायचे पाच दगड मांडले होते. आई धोंडाबाईनं भल्या पहाटेपासून भाज्या-शेंगांची भज्जी शिजवली होती, आंबिलाचं मडकं भरलं होतं. यंदा धाकट्या लेकीची सासरची माणसंही बोलावली होती. धाकटी करिश्मा निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या गावात दिलेली. नवरा वीरेश, सासू शांतम्मा. दीड वर्षाची लेक साक्षी. तिच्या बाळंतपणात काहीतरी बिघडलं, डॉक्टरांना करिश्माची पिशवी काढावी लागली. आता दुसरं मूल होणार नव्हतं. त्यावर सासरी कुणी चकार शब्द काढला नव्हता. धोंडाबाई याबद्दल विहिणीचे फार गुण गायची.

जेवणं झाली. पुरुष बांधाकडे गेले. करिश्मा ओढ्यावर भांडी घेऊन गेली. कोपीच्या सावलीला शांतम्मा, धोंडाबाई आणि मांडीवर साक्षीला घेऊन राजकन्या अशा तिघीच उरल्या. शांतम्मा मोठी गोड बाई होती. आवाज असा, की अंगावरून हात फिरवल्यासारखा. ती पान लावता लावता म्हणाली, "तुमची लेक गुणाची हाय बगा. कामाला वाघीण. फकस्त तापट लई. एखाद्या टायमाला काय करून घील, जिवाला घोर लागतोय."

धोंडाबाईनं सुस्कारा टाकला. "काय सांगू विहीणबाई. ल्हानपणापून थोडी तशीच हाय."

राजकन्यानं आईकडे पाहिलं. करिश्मा लहानपणी मार खाल्ला तरी बोलत नसे. शाळेत बाईंनी चुकून दुसऱ्याचा गुन्हा तिच्यावर टाकला, तर ही उन्हात उभी राहिली होती. हे आईला ठाऊक नव्हतं असं नाही. पण व्याह्यांपुढं नमतं घ्यायचं, लेकीकडं कमीपणा घ्यायचा, या सवयीनं तिनं मान हलवली होती. राजकन्याचा साक्षीभोवतीचा हात सुटला. साक्षी तिच्या मांडीवरून घसरली आणि रडायला लागली.

पाहुणे गेल्यावर तिनं वडिलांना सगळं सांगितलं. किनवट, पोळा, होळी, पाच गावं. किशनरावांनी ऐकून घेतलं.

"लई वाचायलीस तू," ते म्हणाले. "आता सगळीकडं तेच दिसायलंय तुला. सासू सुनंला तापट म्हणती, ह्यात नवीन काय हाय? तुझी आजी तुझ्या आईला सटवी म्हणायची. गेली का ती विहिरीत?"

खरं म्हणजे वडिलांचंच खरं ठरावं असं तिला वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातून रजा काढून ती करिश्माच्या गावी गेली. थेट घरी न जाता आधी गल्लीतच उतरली. हातात फाईल, पायात सँडल. बायकांना वाटलं, कसला तरी सर्व्हे आहे. तिनं घरोघरी माणसं किती, नळ आहे का, असं विचारलं. पहिल्या दारात काहीच नाही. दुसऱ्या दारात, न विचारता, "त्या कोपऱ्याच्या घरातली सून हाय ना, लई तापट." तिसऱ्या दारात तेच. चौथ्या दारात म्हातारी लक्ष्मम्मा बसली होती. ती म्हणाली, "अवो, सासू सांगत फिरायलीय. माझ्या कानानं तर पोरीचा आवाजबी आइकला न्हाई कदी."

करिश्मा घरामागं गवऱ्या रचत होती. बहिणीला बघून हसली. हसणं नेहमीचंच होतं.

राजकन्यानं हळूच विचारलं, "घरात काही बदललंय का गं, इतक्यात?"

"न्हाई अक्का. उलट बरं वागायलेत." ती गवऱ्या रचतच राहिली. "पहिलं मळ्यात धुणं न्यायचं तर अत्त्या संगं यायच्या. आता एकटीलाच लावतेत. दुपारचं. मोटर बिघडलीय म्हणून पाणीबी शेंदूनच काढावं लागतं."

"विहिरीला कठडा आहे?"

"होता. दगडं काढली ना, गोठ्याला लागली म्हणून."

राजकन्या तिच्याजवळ गवऱ्यांवरच बसली. जे सांगायचं ते तिनं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. करिश्मानं सगळं ऐकलं आणि मग जे बोलली, ते राजकन्याला त्या विहिरीपेक्षाही भयंकर वाटलं.

"अक्का, मला बी आता कदी कदी वाटतं, मी तापटच असंन. सगळेच म्हणतेत तर काहीतरी असंल की."

राजकन्या ठाण्यात गेली तेव्हा तिथल्या अंमलदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं. तो माणूस वाईट नव्हता. "मारहाण?" नाही. "हुंड्याची मागणी?" नाही. "उपाशी ठेवतेत?" नाही. "मग झालंय काय, मॅडम?"

"अजून काही झालं नाही."

"मग लिहू काय मी?" त्यानं पेन खाली ठेवलं. "सासू सुनेला तापट म्हणते, असं?"

तालुक्याच्या संरक्षण अधिकारी बाईंनीही अर्ज ठेवून घेतला आणि घडल्यावर लगेच फोन करा म्हणाल्या. घडल्यावर. राजकन्या बाहेर येऊन चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. शहाण्णव प्रकरणं तिनं वाचली होती. त्या प्रत्येकीबद्दलचे जबाब, पंचनामा, सगळं ती मेल्यावरच लिहिलं गेलं होतं. मग जिवंतपणी लिहिलं तर काय होईल, असं तिच्या मनात आलं. तिनं पिशवीतून कोरे कागद काढले आणि टपरीच्या बाकावर बसून लिहायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गल्लीत गेली. कागदावर साधी चार वाक्यं होती. करिश्मा वीरेश ही आमच्या शेजारी राहते. ती शांत स्वभावाची आहे. तिला भांडताना आम्ही कधी पाहिलं नाही. ती तापट असल्याचं आम्हाला फक्त तिच्या सासूनं सांगितलं. खाली तारीख आणि सहीची जागा. पहिल्या दारानं कागद वाचून परत दिला. दुसऱ्यानं वाचलाही नाही. "आमाला त्याच गल्लीत नांदायचंय," तिसरी म्हणाली. लक्ष्मम्माचा मुलगा आतून ओरडला, "अव्वा, बेडा! नको सही करू!" लक्ष्मम्मानं आतल्या दाराकडं एकदा पाहिलं. मग अंगठा पुढं केला.

एकच अंगठा. त्या कागदाच्या चार प्रती राजकन्यानं ठाण्याला, अधिकारी बाईंना, ग्रामपंचायतीला आणि शिवशंकर सरांना पोस्टानं पाठवल्या. पाचवी घेऊन ती भर दुपारी शांतम्माच्या अंगणात उभी राहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या. वीरेश ओसरीवर उभा होता. करिश्मा साक्षीला कडेवर घेऊन दाराच्या आत.

शांतम्मानं शेवटपर्यंत ऐकलं. पदरानं तोंड पुसलं. तिच्या आवाजातला गोडवा जराही उतरला नाही.

"तू बी तापटच हाईस की गं, राजकन्या," ती म्हणाली. "पाणी पिऊन जा."

पाणी न पिता राजकन्या फाट्यावर आली. एसटीला अर्धा तास होता. पाच-दहा मिनिटांनी वीरेश मोटरसायकलवर आला, रस्त्याच्या पलीकडं थांबला. गाडी चालूच ठेवली. नुसता बघत राहिला. एसटी आली, ती चढली. मागच्या काचेतून तिला तो दिसत होता. निलंग्यापर्यंत तो एसटीच्या मागं होता. स्टँडच्या दारात त्यानं गाडी वळवली आणि परत गेला.

चार दिवसांनी करिश्मा आली. साक्षीच्या डोसाचं निमित्त सांगून तालुक्याला निघाली होती, तिथून लातूरची गाडी धरली. सोबत एक पिशवी, त्यात पोरीचे कपडे. राजकन्याच्या दोन खोल्यांत येऊन ती बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "काल मोटर दुरुस्त झाली, अक्का. तरी मला विहिरीवरच जा म्हणले."

ती परत गेली नाही. किशनराव समजावायला दोनदा आले. तिसऱ्यांदा आले ते नुसते बसून राहिले, आणि जाताना नातीला शेंगांची पिशवी देऊन गेले. थोरल्या लेकीशी मात्र ते वर्षभर बोलले नाहीत. गावात त्यांना खाली बघावं लागलं होतं, नांदत्या लेकीला बहिणीनंच फोडून आणलं म्हणून. लक्ष्मम्माला गल्लीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं. वीरेशकडून घटस्फोटाला मुळीच अडचण आली नाही. सही करताना तो म्हणाला, "बाईचा सोबावच तसा होता," आणि वकिलांनी सहानुभूतीनं मान हलवली. करिश्मा एका शिवणकामाच्या युनिटमध्ये जायला लागली. पहिले काही महिने ती मशीनवर कुणाशी बोलत नसे. मग एकदा मुकादमानं जास्तीचं काम लादलं तेव्हा तिनं कात्री टेबलावर आपटली. घरी येऊन तिनं हे घाबरत घाबरत सांगितलं. राजकन्या इतकी हसली, की साक्षीही टाळ्या वाजवायला लागली.

प्रबंध पुरा झाला. नांदेडला तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी करिश्माच्या हकीकतीचं प्रकरण उघडलं. "या निलंग्याच्या नमुन्यात मृत्यू नाही, मारहाण नाही, गुन्हा नाही. यातून तुम्ही सिद्ध काय केलं?"

"काही नाही, सर," राजकन्या म्हणाली. "ती जिवंत आहे."

परीक्षकांनी पान उलटलं. पदवी मिळाली.

वीरेशचं दुसरं लग्न झाल्याचं कळलं होतं. मुलगी देगलूरकडची, नागमणी नावाची. दीड वर्षानंतर एका सकाळी लक्ष्मम्माचा फोन आला. आवाज दबका होता. "नवीला बी दिवस गेले न्हाईत अजून. शांतम्मा माझ्या दारात येत न्हाई आता. पलीकडच्या दारात बसायलीय रोज." मग जरा थांबून, "मोटर बिघडलीय म्हणं."

राजकन्यानं रजेचा अर्ज ठेवला आणि देगलूरची गाडी पकडली. पत्ता तिनं लक्ष्मम्माकडूनच घेतला होता. घर लहान होतं, दारात शेळी बांधलेली. नागमणीची आई कावेरीबाई भाकरी थापत होती. नवरा शेतावर गेला होता. राजकन्यानं आपण कोण, कुठून आलो, ते सांगितलं. पहिल्या सुनेची बहीण म्हटल्यावर कावेरीबाईचा चेहरा आक्रसला. तरी तिनं ऐकलं. भाकरी तव्यावर करपली, ती तिनं उलटली नाही.

"माझी पोर तर तोंड वर करून बोलत न्हाई," ती म्हणाली. "दिवाळीला विहीणबाई आल्या, पोर तापट हाय म्हणल्या, आन् मी बी हाव म्हणले..."

तिनं पिठाच्या हातानंच मोबाइल उचलून लेकीला लावला. पहिल्यांदा घंटी वाजून वाजून बंद झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कुणीतरी उचलला. कावेरीबाई तेलुगूत बोलायला लागली, आधी हळू, मग भराभर. राजकन्याला तेलुगू येत नव्हतं. ती त्या बाईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, कपाळावरची शीर बघत राहिली. पलीकडून काय येतंय ते चेहऱ्यावरून कळेना. फोन एकदाचा ठेवून कावेरीबाईनं चूल विझवली, लुगड्याला हात पुसले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

"निलंग्याची गाडी किती वाजता हाय?" तिनं विचारलं.